तुमचे प्रश्न : एकाच क्लबातून निघालेले दोन उंच सर्ब

मागच्या अंकात एनबीएमधल्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या, खेळाडूंच्या अदलाबदलीवर चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेकांचा रोख एकाच माणसावर आहे, म्हणून या वेळी क्रिकेटला सुट्टी.

प्रश्न : तो सर्बियाचा अवाढव्य खेळाडू बोबान मार्यानोविच, जो कीआनू रीव्हजच्या पिक्चरमधे लायब्ररीत मारामारी करतो तो, दर वर्षा-दोन वर्षांनी वेगळ्याच जर्सीत दिसतो. एवढा उंच असून कुठेच टिकत नाही म्हणजे खेळाडू म्हणून यथातथाच असणार ना? – एक वाचक, सांगली

नाही हो. आपल्याकडे बँकेत नाहीतर पोलिसात बदलीची नोकरी असते ना, दर तीन वर्षांनी बोचकं बांधा आणि निघा, त्या माणसाला कोणी नालायक म्हणत नाही. पण खेळाडूने चार टीम बदलल्या की लगेच आपण म्हणतो, ह्याच्यात काहीतरी खोट असणार.

जरा हिशोब मांडू. बोबानचा जन्म 1988 चा, पूर्व सर्बियातल्या बोल्येवाच नावाच्या छोट्या गावचा. उंची 7 फूट 4 इंच, म्हणजे रिंगला हात लावायला त्याला उडी मारावी लागत नाही, टाचा उचलल्या की काम होतं. पहिला मोठा क्लब हेमोफार्म, व्रशाच शहराचा. हे शहर रोमानियाच्या बॉर्डरला लागून आहे आणि हेमोफार्म ही तिथली औषधांची कंपनी, तिच्याच नावाने टीम. (हे नाव लक्षात ठेवा, खाली परत लागणार आहे.)

2010 साली एनबीएच्या ड्राफ्टमधे (नवे खेळाडू टीमनी पाळीपाळीने निवडायची पद्धत, वरचे नंबर सहसा हरणाऱ्या टीमना) तीस टीमपैकी एकीनेही त्याला उचललं नाही. मग सीएसकेए मॉस्को. युरोपातला बडा क्लब, कोच पण बेलग्रेडहूनच आलेला, दुश्को वुयोशेविच, म्हणजे सगळं जुळून आलं असं वाटावं, तर सीझन सुरू होऊन थोडे दिवस होतात न होतात तोच कोचची गच्छंती झाली आणि बोबान गेला उधारीवर लिथुआनियाच्या झाल्गिरिसकडे. मग परत रशियात निझ्नी नोवगोरोद, मग सर्बियात क्रागुयेवाच. दोन वर्षांत चार गावं, आणि मनासारखं खेळायला कुठेच नाही.

माझ्या मते त्याच्या करिअरचा खरा निर्णय त्यानंतरचा आहे, आणि त्याबद्दल फार कोणी बोलत नाही. 2012 मधे, 24 वर्षांचा असताना, तो बेलग्रेडच्या मेगा विझुरा ह्या क्लबात गेला. ना मोठं नाव, ना मोठं मैदान, तरुण पोरांना खेळवून पुढे विकायचं हाच त्यांचा धंदा. त्याच दिवसांत सोंबोर गावचं एक गुबगुबीत पोरगं मेगात आलं होतं, निकोला योकिच नावाचं, तेच पुढे एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरलं. मॉस्कोसारख्या ठिकाणाहून अशा क्लबात येणं म्हणजे लोकांच्या लेखी घसरगुंडीच. पण तिथे त्याला बॉल मिळाला, मिनिटं मिळाली आणि 2013 मधे तो सर्बियन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मग रेड स्टार बेलग्रेडने घेतला, तिथे 2014 आणि 2015 ला पण तोच मान. लागोपाठ तीन वर्षं. 2014-15 च्या युरोलीगमधे, म्हणजे युरोपातल्या बड्या क्लबांच्या स्पर्धेत, मॅचला सरासरी 16.6 पॉइंट आणि 10.7 रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं), आणि सीझनच्या शेवटी युरोपातल्या सर्वोत्तम पाचांत नाव. यथातथा माणसाला हे जमत नसतं.

त्यानंतर अमेरिका. 2015 ला सॅन अँटोनिओ, 2016 ला डेट्रॉइट, 2018 ला क्लिपर्स, 2019 ला आधी फिलाडेल्फिया आणि त्याच उन्हाळ्यात डॅलस, 2022 ला ह्यूस्टन, आणि 2024 ला परत युरोपात, इस्तंबूलच्या फेनरबाचेकडे. बोटं मोजत बसलात तर इथपर्यंत क्लब चौदा होतात. पण ह्यात एक बारकावा बघा, ह्यातल्या बऱ्याच बदल्यांत त्याला कोणी विचारलेलंच नव्हतं. 2018 ला डेट्रॉइटला ब्लेक ग्रिफिन हवा होता, त्यासाठी जो ढिगारा द्यायचा होता त्यात टोबायस हॅरिसबरोबर बोबानही गेला. वर्षभराने क्लिपर्सने हॅरिसला फिलाडेल्फियाला दिलं तेव्हा परत बोबान त्याच पार्सलमधे. दोघं डेट्रॉइटपासूनचे घट्ट मित्र, त्यामुळे निदान सोबत तरी होती.

प्रश्न : मी कॉलेजच्या टीमकडून खेळतो. बोबानचे मिनिटाला किती पॉइंट हे बघितलं तर तो भल्याभल्यांच्या वर दिसतो, पण कोच त्याला मॅचमधे दहा मिनिटं पण ठेवत नाहीत. हे राजकारण आहे का सर? – एक विद्यार्थी, नागपूर

राजकारण नाही रे. तुझं निरीक्षण मात्र बरोबर आहे, 36 मिनिटांच्या हिशोबाने त्याचे पॉइंट वीसच्या वर जातात आणि एनबीएमधे तो सरासरी दहा मिनिटांच्या आतच खेळला.

तू खेळतोस म्हणून सरळ कोर्टवरच दाखवतो. समोरच्या टीमचा गार्ड, म्हणजे बॉल खेळवणारा चपळ खेळाडू, बॉल घेऊन वर येतो, त्यांचा सेंटर, म्हणजे रिंगजवळचा उंच खेळाडू, येऊन तुझ्या गार्डला आडवा उभा राहतो, म्हणजे साधा पिक अँड रोल. आता बोबानने काय करायचं? पुढे येऊन त्या गार्डला अडवायचं म्हटलं तर तो एका झटक्यात बाजूने निघून जातो, सव्वादोन मीटरचं धूड मागे वळेपर्यंत रिंगजवळून सोपा लेअप झालेला असतो. मागे रिंगखाली थांबायचं म्हटलं तर गार्ड तिथूनच, लांबच्या रेषेबाहेरून, तीन पॉइंटचा शॉट मारतो, आणि हल्ली तो तीनचा शॉट सगळ्यांनाच येतो, अगदी समोरच्या सेंटरला पण. वीसेक वर्षांपूर्वी हा प्रश्न एवढा मोठा नव्हता कारण सेंटर रिंगजवळच घोटाळायचे. बोबान अमेरिकेत पोचला 2015 ला, म्हणजे नेमका स्टेफ करीच्या गोल्डन स्टेटने सगळी लीग तीनच्या रेषेबाहेर नेऊन ठेवली तेव्हा. वेळ चुकली, दुसरं काय.

आणि कोचना हे गणित उलट बाजूनेही कळतं बरं का. 2021 च्या प्लेऑफमधे, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीत, क्लिपर्स डॅलसविरुद्ध बुटकी टीम लावत होते, तर डॅलसच्या रिक कार्लाइलने बाकावरच्या बोबानला सरळ सुरुवातीच्या पाचांत उतरवलं. बचावात माणसामागे न पळवता रिंगखालच्या जागेत (झोन) उभा करायचा आणि हल्ल्यात त्याच्याकडे उंचावरून बॉल टाकायचा. पाचवी मॅच डॅलसने काढली, पण सिरीज शेवटी सातव्या मॅचला गेलीच हातातून. तरी माझ्या आठवणीतलं ते कोचिंग धाडसाचंच होतं.

ज्या दिवशी मिनिटं मिळाली त्या दिवशी काय झालं तेही सांगतो. 11 मार्च 2020, डॅलस विरुद्ध डेन्व्हर, म्हणजे समोर योकिच. मॅच चालू असतानाच बातमी आली की कोरोनामुळे एनबीए बंद, मालक मार्क क्यूबन बाजूला फोन बघून आ वासून मागे सरकलेला टीव्हीवर सगळ्या जगाने बघितला. त्या मॅचमधे बोबानचे 31 पॉइंट, 17 रिबाउंड, आयुष्यातले एनबीएमधले सगळ्यात जास्त पॉइंट. आणि दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचं नाव कुठे असणार, तूच सांग.

प्रश्न : सॅन अँटोनिओसारखी घरंदाज टीम आणि पोपोविचसारखा कोच सोडून बोबान डेट्रॉइटला गेला तो निव्वळ पैशासाठी. आजच्या खेळाडूंना निष्ठा म्हणून काही राहिली नाही असं आपल्याला वाटत नाही का? – एक ज्येष्ठ वाचक, पुणे

काका, मला नाही वाटत. सॅन अँटोनिओत पहिल्या वर्षी त्याला 12 लाख डॉलर होते. वर्ष संपल्यावर डेट्रॉइटने तीन वर्षांचे 2 कोटी 10 लाख डॉलर पुढे केले. नियमाप्रमाणे सॅन अँटोनिओला तेवढेच पैसे देऊन त्याला ठेवून घ्यायचा हक्क होता, त्यांनी तो वापरला नाही. म्हणजे निष्ठेचा प्रश्न असेलच तर तो दोन्ही बाजूंना विचारावा लागेल. आणि बोबानने स्वतः सांगितलेला किस्सा असा की तो जायला का-कू करत होता, तेव्हा ग्रेग पोपोविचनेच त्याला सांगितलं, जा आणि ते पैसे घे. पोपोविच तसे सर्बियन बापाचे, ती भाषा येणारे, त्यामुळे घरच्या वडीलधाऱ्याने बजवावं तसं ते झालं असणार.

27 वर्षांचा माणूस, गुडघे-पाठीवर एवढं वजन, ह्याआधी चार देश फिरलेला, त्याच्यापुढे घराच्या पुढच्या पिढीची सोय होईल असा कागद आलाय. तुम्ही-आम्ही असतो तर रात्रीच सही केली असती, खोटं कशाला बोला.

प्रश्न : पूर्वी डार्को मिलिचिच नावाचा एक सर्ब होता, ड्राफ्टमधला सगळ्यात मोठा फियास्को म्हणतात तो. तो पण असाच टीम बदलत फिरला. मग बोबान आणि त्याच्यात फरक काय? – एक वाचक, संभाजीनगर

ह्या प्रश्नाची मी वाटच बघत होतो.

डार्को पण हेमोफार्मचाच. तोच व्रशाचचा क्लब. 2003 च्या ड्राफ्टमधे पहिला लेब्रॉन जेम्स आणि दुसरा डार्को मिलिचिच, वय 18, उंची सात फूट, डावखुरा. त्याच्या मागे गेले कोण, तर कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश, ड्वेन वेड. घेणारी टीम डेट्रॉइट, हीच ती जिने पुढे बोबानला पैसे दिले. आणि डार्कोला 2007 मधे मेम्फिसने जो करार दिला तो किती होता? तीन वर्षांचे 2 कोटी 10 लाख डॉलर. एनबीएतल्या टीम दोघांच्याही सहा. डार्कोच्या डेट्रॉइट, ऑरलँडो, मेम्फिस, न्यूयॉर्क, मिनेसोटा, बॉस्टन. कागदावर बघाल तर एकाच साच्यातली दोन माणसं.

आता वय बघा. डार्को एनबीएतली शेवटची मॅच खेळला 2012 ला, बॉस्टनकडून, तेव्हा तो 27 वर्षांचा होता. बोबान पहिली मॅच खेळला 2015 ला, तेव्हा तोही 27 वर्षांचा होता.

मला विचाराल तर फरक इथेच आहे. डार्को गेला तेव्हा डेट्रॉइट आधीच तगडी टीम होती, एवढी चांगली टीम एरवी दुसऱ्या नंबरला ड्राफ्टमधे येतच नाही, पण 1997 च्या एका जुन्या सौद्यातून त्यांना तो नंबर मिळाला होता. कोच लॅरी ब्राउन, नवख्या पोरांना खेळवायला आधीच नाखूश. त्याच्या जागेवर आधीच बेन वॉलेस, वर्षाच्या मध्यात रशीद वॉलेस पण आला. 2004 ला डेट्रॉइट लेकर्सला 4-1 हरवून चॅम्पियन झाली आणि 18-19 वर्षांच्या डार्कोच्या बोटात चॅम्पियनची अंगठी आली, पण कशी आली ते बघा ना, पोरगं सगळं वर्ष बाकावर. मॅच जिंकल्यातच जमा झाली की स्टेडियममधलं पब्लिक त्याच्या नावाने गजर करायचं, आता डार्कोला उतरवा म्हणून. ते प्रेम नव्हतं, ती थट्टा होती, आणि ती रोज ऐकायची परक्या देशात परक्या भाषेत. ज्या वयात व्रशाचमधे राहिला असता तर आठवड्याला दोन मॅच पूर्ण खेळला असता, पडला असता, शिव्या खाल्ल्या असत्या, शिकला असता, त्या वयात हा कोट घालून बसलेला.

बोबानला कोणीच उचललं नाही म्हणून तो तिकडेच राहिला आणि घासूनपुसून तयार होऊन गेला. अमेरिकेत त्याला मिनिटं मिळाली नाहीत तरी आपण काय चीज आहोत हे त्याला पक्कं माहीत होतं, युरोपातल्या सर्वोत्तम पाचांत नाव लागलेलं होतं. त्यामुळे बाकावर बसूनही तो हसत राहिला. डार्कोकडे तसं मागे वळून बघायला काही नव्हतंच.

डार्कोला फियास्को म्हणणं मला मात्र पटत नाही. दहा वर्षं एनबीएच्या आसपास राहिला, पैसे कमावले, नंतर एकदा किकबॉक्सिंगच्या रिंगमधे पण उतरून बघितलं, तिथे मार खाल्ला, आणि आता सर्बियात सफरचंदाच्या बागा सांभाळतो. बागायतदार माणूस सुखी असतो की नाही हे तुमच्याकडच्या मोसंबीवाल्यांना विचारा, पावसावर अवलंबून.

प्रश्न : 2024 मधे बोबानने मुद्दाम फ्री थ्रो चुकवला असा व्हिडिओ फिरतो, ते मॅच फिक्सिंग नाही का? – एक वाचक, लातूर

अहो नाही, चिकन. लॉस एंजेलिसला क्लिपर्सच्या मैदानावर अशी स्कीम होती की चौथ्या क्वार्टरमधे पाहुण्या टीमच्या खेळाडूने लागोपाठ दोन फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे, कोणी न अडवता मारायचे शॉट) चुकवले की सगळ्या प्रेक्षकांना चिकन सँडविच फुकट. 14 एप्रिल 2024, सीझनची शेवटची मॅच, बोबान ह्यूस्टनकडून. पहिला फ्री थ्रो हुकला, पब्लिकने आरडाओरडा सुरू केला. हा पूर्वी क्लिपर्सकडून खेळलेला, त्याला स्कीम पाठ. त्याने प्रेक्षकांकडे बघून स्वतःकडे बोट दाखवलं, म्हणजे थांबा, करतो सोय, आणि दुसरा बॉल रिंगवर आपटला. ह्यूस्टन ती मॅच 116-105 जिंकली, त्यामुळे त्याच्या कोचला पण रागवायचं कारण नव्हतं.

प्रश्न : ह्या सर्बियन लोकांचा आपल्याशी काही संबंध आहे की उगाच पानं भरताय? – एक वाचक, मुंबई (हे पत्र कुरिअरने आलंय, तरी उत्तर देतो)

आहे की. 2019 मधे आपल्या देशाच्या पुरुष टीमला कोच आणला तो सर्बियाचा, वेसेलिन मातिच. आणि त्याच वर्षी 4 आणि 5 ऑक्टोबरला तुमच्याच वरळीत एनएससीआयच्या डोममधे भारतातल्या पहिल्या एनबीए मॅच झाल्या, सॅक्रामेंटो विरुद्ध इंडियाना. पहिल्या दिवशी शाळेच्या पोरांनी डोम भरलेला आणि मॅच ओव्हरटाइममधे 132-131 अशी इंडियानाने काढली. सॅक्रामेंटोचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले, आणि त्या टीमची सगळी सूत्रं कोणाकडे होती? व्लादे दिवाचकडे. 1989 ला युगोस्लाव्हियातून लेकर्सला गेलेला, तिकडून आलेल्या अगदी पहिल्या काही खेळाडूंतला एक. तुम्ही तेव्हा क्रिकेट बघत असाल.

प्रश्न : मुलगा 19 वर्षांचा, उंची 6 फूट 7 इंच. एका एजंटने पूर्व युरोपातल्या एका क्लबची ऑफर आणलीये. पाठवावं का? तिकडे पगार बुडवतात असं ऐकलंय. – एक पालक, ठाणे

बुडवतात, आणि हे अगदी नाव असलेल्या क्लबांनी पण केलंय. बाल्कनमधे पगार दोन-तीन महिने पुढे-मागे होणं ही खेळाडूंच्या गप्पांतली नेहमीची गोष्ट. सीझनच्या मधेच स्पॉन्सर गेला, कोच गेला की पहिली कुऱ्हाड परदेशी खेळाडूवर. त्यासाठी आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेने, म्हणजे फिबाने, 2007 पासून जिनिव्हात लवाद बसवलाय. तिथे निकाल लागूनही क्लबने पैसे दिले नाहीत तर त्या क्लबला नवीन खेळाडूंची नोंदणी करायला बंदी घालता येते, आणि ह्या बंदीला क्लब टरकतात. पण तिथे जायचं तर करारातच तसं कलम हवं, तोंडी बोलण्यावर लवाद काय करणार. फी पण भरावी लागते.

पाठवावं का, ह्यावर माझं मत विचाराल तर आधी क्लबचं नाव विचारू नका, त्याच्या जागेवर तिथे आत्ता कोण खेळतंय आणि किती मिनिटं खेळतंय ते विचारा. बाकावरच बसायचं असेल तर पोरगं ठाण्यात बसलेलं बरं, घरचं जेवण तरी मिळेल. दुसरी-तिसरी डिव्हिजन असली तरी चालेल पण रोज खेळायला मिळायला हवं. तिकडे करारातला आकडा बहुतेक वेळा कर वजा करून हातात येणारा असतो, आणि राहायला फ्लॅट, कधी गाडी क्लब देतो, तर हे सगळं तसंच आहे ना ते एजंटकडून नाही, क्लबकडून लेखी घ्या. देश बदलायचा म्हणजे इथल्या फेडरेशनचं ना-हरकत पत्र पण लागतं, ते वेळेत नाही आलं तर पोरगं तिकडे जाऊन नुसतं प्रॅक्टिस करत बसेल. दुखापत झाली तर ऑपरेशनचा खर्च कोणाचा आणि पगार चालू राहणार का बंद, हे दोन प्रश्न आधी विचारा. आणि परतीच्या तिकिटाचं कलम बघितल्याशिवाय सही करू नका.